एकाच प्याल्याची मंडळी

अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री १८३१ सालच्या डिसेंबरात नगरला येऊन राहिले, तेव्हा त्यांच्या पहिल्या माणसांना मुंबईत उतरून अठरा वर्षं झाली होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली आले. हॉल मराठी शिकला, मराठीत लिहू लागला आणि १८२६ साली नाशिककडच्या फेरीत पटकीने वाटेतच वारला. नगरला आलेल्यांपैकी हर्वीही पुढच्याच वर्षी पटकीने गेला. अशा मरणांच्या सावटात १८३३ साली नगरची पहिली ख्रिस्ती मंडळी उभी राहिली. तिच्यात कोण होतं? शहरातला एक गरीबखाना मिशनकडे सोपवलेला होता; तिथले काही म्हातारे, आंधळे, पांगळे. आणि त्यांच्या सोबतीला बाबाजी नावाचा एक ब्राह्मण. हा बाबाजी गरीबखान्यात जाऊन त्या लोकांशी बोलत बसायचा. मंडळी स्थापन झाली त्याच वर्षी तोही पटकीने गेला. हॉलिस रीड या पाद्र्याने त्याचं चरित्र लिहून १८३६ साली अमेरिकेत छापलं.

आम्ही ख्रिस्ती लोक ‘सहभागिता’ हा शब्द फार सहज वापरतो. उपासनेच्या शेवटी आशीर्वादात तो येतो, पत्रिकांवर छापला जातो, महिला मंडळाच्या सभेला नाव म्हणून दिला जातो. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि नगर जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या मंडळीत वाढले. त्यामुळे हा शब्द ऐकला की मला तो गरीबखाना आठवतो. तिथे प्रभुभोजनाची भाकर मोडली गेली आणि प्याला फिरला. ज्या हाताचं पाणी ब्राह्मणाने घ्यायचं नाही, त्या हातातून तो प्याला बाबाजीकडे आला, किंवा बाबाजीकडून त्या हातांत गेला. कोणाकडून कोणाकडे गेला, कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण प्याला एकच होता, आणि महाराष्ट्रात ख्रिस्ती बंधुत्वाची खरी परीक्षा तिथपासून सुरू झाली असं माझं ठाम मत आहे. प्रार्थना, प्रवचन, धर्मतत्त्वं हे सगळं नंतर. आपल्याकडे माणूस माणसाशी जोडला गेला तो पंगतीत, आणि तुटलाही पंगतीतच.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी माणसाला वादाची धास्ती नव्हती. पाद्र्याशी तासन्तास वाद घालायला पंडित तयार असत. नवा करार वाचला म्हणून कोणी जातीबाहेर जात नव्हतं. पाणी प्यालं, घास घेतला, की संपलं. मुंबईतलं श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण हेच सांगतं. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण १८४३ साली ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, अजून पोरवयाचा, मिशनऱ्याच्या घरी जाऊन राहिला. वडील न्यायालयात गेले. मुलगा अज्ञान आहे म्हणून न्यायालयाने तो वडिलांच्या हवाली केला. पण घरी आणलेल्या मुलाचं करायचं काय? तो पाद्र्याच्या घरी जेवला होता! प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातनी मंडळींनी आकाशपाताळ एक केलं. मुलाचा विश्वास कशावर आहे हे त्या वादात कोणी फारसं विचारलं नाही. त्याने काय खाल्लं आणि कोणाकडे खाल्लं, एवढ्यावर सारी मुंबई भांडत होती.

थोरला भाऊ नारायण मात्र परतला नाही. त्याने पुढे स्कॉटिश मिशनची पाळकाची दीक्षा घेतली आणि निजामाच्या मुलखात जालन्याजवळ गेला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून तिथे त्याने ‘बेथेल’ नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. त्या गावात येऊन राहिले ते बहुतेक मांग. शेषाद्रींच्या घरातला मुलगा आयुष्याची उरलेली वर्षं मांगांच्या गावात, त्यांचा पाळक म्हणून राहिला. शाळेत धडे शिकवताना मी समाजसुधारकांची नावं मुलांकडून घोकून घेत असे, त्या यादीत हे नाव कधी नव्हतं. मी ते स्वतःच सांगत असे.

नगरकडची गोष्ट जरा वेगळी. इथे हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे ब्राह्मण ख्रिस्ती झाले, १८५४ साली त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली, आणि पुढच्या पिढ्यांत या घरांनी मराठीला लेखक दिले. पण मंडळी वाढली ती महारवाड्यांतून. गोदावरी, प्रवरा, मुळेच्या काठच्या गावांत एका घराचा बाप्तिस्मा झाला की त्याचा मेहुणा, मग मेहुण्याचा चुलता, मग त्या चुलत्याच्या गावचा पाहुणा, असा हा विश्वास सोयरिकीच्या वाटेने पसरत गेला. पाद्री घोड्यावरून मागून पोचायचा. बातमी आधीच पोचलेली असायची. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला सॅम्युएल फेअरबँक राहायचा. पक्ष्यांचा अभ्यासक म्हणून त्याचं नाव आजही पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत सापडतं. राहुरीला बॅलंटाइन डॉक्टर. या दोन ठिकाणांच्या आसपासच्या कितीतरी वस्त्यांत आजही जुन्या दगडी भिंतींची देवळं आहेत. आमच्याकडे चर्चला ‘देऊळ’च म्हणतात.

माझे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या आगेमागे ख्रिस्ती झाले. त्या दुष्काळात मिशनने विहिरी आणि रस्त्यांची कामं काढली, पोरकी पोरं सांभाळली, नगरच्या डॉ. ह्यूम यांना त्याबद्दल सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिलं. ‘धान्यासाठी बाटले’ हे वाक्य आमच्या घराने ऐकलं आणि मी वर्गातही ऐकलं आहे. धान्यासाठी आलेला माणूस पाऊस पडल्यावर जायला मोकळा होता. पणजोबांच्या गावातले काहीजण गेलेही. पणजोबा राहिले. का राहिले, हे आजी एका वाक्यात सांगायची: “साहेबानं त्यांच्या हातचं पाणी मागून घेतलं होतं.” एवढंच. धर्मांतराची दुसरी कोणतीही मीमांसा तिने मला कधी दिली नाही, आणि मीही दुसरी शोधायला गेले नाही.

ही आजी आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचा रस करायची. द्राक्षारस खेड्यात कुठला मिळणार! शनिवारी दुपारी ती वाण्याकडून आणलेल्या काळ्या मनुका परातीत पसरून एकेक निवडायची, देठ काढायची, कोमट पाण्याने तीनदा धुवायची आणि पितळेच्या कल्हई केलेल्या पातेल्यात भिजत घालायची. वर स्वच्छ फडकं बांधलेलं. रात्री उशिरा त्या हाताने कुस्करायच्या, पुन्हा तासभर ठेवायच्या, मग मलमलीच्या कपड्यातून गाळायच्या. कापड पिळायचं नाही, नुसतं लोंबकळत ठेवायचं, नाहीतर गाळ उतरतो. रंग गडद तपकिरी यायचा. साखर घालायला तिची सक्त मनाई होती. भाकरीच्या जागी पाव असेल तर पाव, नसेल तर बिनमिठाची चपाती. तिच्या लांबट पट्ट्या कापून पांढऱ्या रुमालाखाली झाकायच्या. हे काम करताना ती कोणाशी बोलायची नाही. आम्ही पोरांनी मनुका मागितल्या तर उरलेल्या, डागाळलेल्या मिळायच्या.

तिच्या लहानपणी प्याला एकच होता. जर्मन सिल्व्हरचा, दोन कानांचा. पाळकसाहेब तो पहिल्या रांगेतल्या माणसाला द्यायचे आणि तो हातोहात मागे जायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आरोग्याच्या काळजीने प्रत्येकाला वेगळा छोटा पेला देण्याची पद्धत निघाली आणि यथावकाश ती आपल्याकडेही आली. लाकडी तबकात भोकं, भोकांत काचेचे इवलेसे पेले. अमेरिकेत त्या बदलाचा अर्थ रोगजंतूंपुरता असेल. इथे तो तेवढाच राहिला नाही. जिथे ओठ लागलेल्या भांड्यावर माणसाची किंमत ठरत होती, तिथे एकाच प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावणं हे अर्ध्या प्रवचनाचं काम करत होतं. क्षयाची भीती खरी होती, प्लेगची वर्षं लोकांनी पाहिली होती, बदल समंजसच होता. तरी काहीतरी गेलं. आजी वारेपर्यंत म्हणायची की छोट्या पेल्यातून प्यालं की आपण एकटेच जेवल्यासारखं वाटतं.

आणि तो एकच प्याला असतानाही सगळं सुरळीत नव्हतं, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. महारांतून आलेले ख्रिस्ती आणि मांगांतून आलेले ख्रिस्ती एका सतरंजीवर बसायला कचरत होते. गावात दोघांचेही वाडे वेशीबाहेर, पण दोघांत पुन्हा वर-खाली. मंडळीत मांग घेतले तर आम्ही येणार नाही, असं म्हणणारे महार ख्रिस्ती होते. दक्षिणेत तर याहून जुनी जखम होती: तरंगमबाडीच्या लुथरन देवळांत शूद्रांच्या आणि पारैयरांच्या बसायच्या जागा वेगळ्या होत्या, आणि कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना १८३३ साली पत्रक काढून जातिभेद मंडळीतून ताबडतोब आणि कायमचा काढा असं बजावावं लागलं. नगरची मंडळी आणि विल्सनसाहेबांचं पत्रक एकाच वर्षातलं. गोव्यात त्याहीआधी, फादर स्टीफन्सने १६१६ साली ख्रिस्तपुराणासारखं रसाळ मराठी काव्य छापलं, आणि त्याच भूमीतल्या देवळांचे बंधुसंघ, ज्यांना कोन्फ्रारिया म्हणतात, जातीजातींत वाटले गेले. संघाचं नाव बंधुत्वाचं, आणि दार एका जातीपुरतं उघडं!

नगरच्या मिशनने या बाबतीत सूट दिली नाही. बाप्तिस्मा हवा तर सगळ्यांबरोबर जेवण हवं, ही अट राहिली. पण अट घालणं पाद्र्याच्या हातात होतं, मन वळवणं नव्हतं. सोयरिकीच्या वेळी मूळ कुठलं हे आजही विचारलं जातं. देवळात शेजारी बसणारी घरं लग्नाच्या यादीत शेजारी येत नाहीत. मला याची लाज वाटते आणि ती लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

प्रभुभोजनाआधी शुक्रवारी ‘तयारीची सभा’ व्हायची. ही रीत अमेरिकेतल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांकडून आली. ज्याचं आपल्या भावाशी वाकडं असेल त्याने आधी जाऊन समेट करावा, मग वेदीपाशी यावं, ही प्रभूची शिकवण. तिला मिशनने एक दिवस आणि एक सतरंजी नेमून दिली. गॅसबत्तीच्या उजेडात पाळकसाहेब आणि मंडळीचे वडील बसलेले, आणि ज्यांची भांडणं आहेत ती घरं समोर. आमच्या गावातल्या दोन चुलतभावांची सभा मला लख्ख आठवते. बांधाचं भांडण. धाकट्याने नांगर बांधात घातला होता. बराच वेळ दोघंही बोलेनात. शेवटी धाकटा म्हणाला, “आप्पा, चुकलं माझं. बांध होता तिथं घालून देतो.” आप्पा त्याच्याकडे न बघता पाळकसाहेबांना म्हणाले, “त्याला म्हणावं, रविवारी माझ्याजवळ बसायचं.” रविवारी ते जवळ बसले. पुढच्या पेरणीला बांध पुन्हा सरकला, पुन्हा शुक्रवारची सभा झाली. त्यांच्या मुलांच्या काळात प्रकरण तलाठ्याकडेही गेलं. पण त्या दोघांनी एकमेकांशी अबोला ठेवून प्रभुभोजन घेतल्याचं मला आठवत नाही. बांध न्यायालयाचा प्रश्न होता. शेजारी बसणं हा मंडळीचा.

या सभेला दुसरीही बाजू होती. चूक झालेल्या माणसाला ‘सहभागितेतून दूर’ ठेवलं जायचं. दारू, दुसरी बायको, जत्रेत नवस फेडणं, मुलीचं लग्न बिगरख्रिस्ती घरात लावणं. जुन्या वहीत अशी नावं लिहिलेली असत, आणि बहुतेकांच्या पुढे काही महिन्यांनी ‘परत घेतले’ अशी नोंदही. ज्या समाजाने जातीबाहेर टाकणं म्हणजे काय हे अंगावर सोसलं होतं, त्याच समाजाच्या हातात आता बाहेर ठेवण्याचं हत्यार आलं होतं. काही पगारी उपदेशकांनी ते आपली हुकमत चालवायला वापरलं. मला त्या वह्यांमधली ‘परत घेतले’ ही नोंदच मोलाची वाटते. जातीच्या बहिष्कारात ती सहसा नसे.

लक्ष्मीबाई टिळकांची कहाणी मी या अंगाने पुन्हा पुन्हा वाचते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला झाला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे आल्या तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे की आधी जात गेली आणि मग ख्रिस्त आला. माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही हे एकदा मनात उतरल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचं खायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० साली. बहुतेक धर्मांतरांच्या कहाण्या उलट क्रमाने सांगितल्या जातात. मला लक्ष्मीबाईंचा क्रम खरा वाटतो, कारण तो माझ्या पणजोबांच्या क्रमाशी जुळतो. फक्त त्या वरून खाली आल्या आणि पणजोबा खालून वर. भेट पाण्याच्या भांड्यापाशी झाली.

टिळकांनी या मंडळीला जे दिलं ते गाणं. त्यांच्याआधीही नगरला कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन आणि पदं उभी केली होती, टाळ-मृदंग देवळात आला होता. तरी पुष्कळ गीतं इंग्रजी चालींवर बेतलेली असत. ती म्हणताना बायाबापड्यांचा श्वास पुरायचा नाही. टिळकांनी अभंग, ओवी, भूपाळी या घरच्या वळणांत भजनं लिहिली आणि ‘उपासना संगीता’त त्यांचा मोठा वाटा झाला. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते, हे पत्र नगरलाच १८४२ साली निघालेलं. नगरच्या मंडळ्यांच्या संघाला ‘ऐक्य’ म्हणत. त्या ऐक्याच्या वार्षिक मेळाव्याला पाऊस सरल्यावर बैलगाड्या भरभरून लोक यायचे, झाडांखाली चुली मांडायचे, रात्रभर कीर्तन ऐकायचे. आजीच्या तोंडी ‘ऐक्याला गेलो होतो’ असंच असायचं, जसं शेजारच्या बाया ‘पंढरीला गेलो होतो’ म्हणत. तिथे पोरींची लग्नं जमायची, बियाण्याची देवघेव व्हायची, कोणाच्या म्हशीला काय औषध द्यायचं ते ठरायचं. सहभागितेचं हे अंग मिशनच्या अहवालांत फारसं येत नाही, पण मंडळी टिकली ती त्याच्या जोरावर.

टिळकांना पुढे मंडळीचंही कुंपण जाचू लागलं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे एकत्र बसतील असं ते कुटुंब होतं. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले आणि दरबार ओसरला. पण ठिणगी दुसरीकडे पडली होती. जॅक विन्स्लो हा इंग्रज पाद्री टिळकांचा चाहता. त्याने १९२३ साली त्यांचं चरित्र लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षी त्याने ख्रिस्त सेवा संघ सुरू केला होता. पुढे पुण्याला शिवाजीनगरात आश्रम झाला. गोरे आणि देशी एका घरात राहतील, जमिनीवर मांडी घालून एका पंगतीत जेवतील, हा तिथला नेम. व्हेरिअर एल्विन भारतात आले ते याच संघात. मिशनऱ्यांच्या बंगल्यात देशी पाळकाने मागच्या ओट्यावर थांबायचं ही रीत ज्यांनी सोसली होती, त्यांना या पंगतीचं मोल वेगळं सांगायला नको. १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत तमिळ पाळक अझर्‍या यांनी भरसभेत हेच दुखणं मांडलं होतं: तुम्ही आमच्यासाठी खूप दिलंत, आता मैत्री द्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ज्यांनी महाराकडून पाणी मागून घेतलं त्यांच्याच लोकांना देशी माणसाबरोबर टेबलाशी बसायला पुढची पन्नास-पाऊणशे वर्षं जड गेली, हे मला अजूनही उलगडत नाही.

केडगावबद्दल लिहायचं तर वेगळा लेख हवा. एकच धागा घेते. पंडिता रमाबाईंनी मुंबईत १८८९ साली शारदा सदन काढलं तेव्हा ब्राह्मण विधवांना आपला सोवळा स्वयंपाक पाळता येईल अशी सोय होती. दुष्काळांनंतर केडगावच्या मुक्ति सदनात मध्य प्रांतातल्या, गुजरातेतल्या उपाशी मुली शेकड्यांनी आल्या आणि ती सोय आपोआप संपली. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी जागृतीसाठी प्रार्थना करणारा बायकांचा गट बसवला आणि जूनअखेरीस सदनात ती जागृती आली. मुली रडल्या, मोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या, टोळ्या करून खेड्यांत गेल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी अबराम्स यांनी त्यावर एक पुस्तिका लिहिली आणि दक्षिण अमेरिकेत चिली देशातल्या वाल्पाराइसो इथल्या आपल्या मैत्रिणीला, मे हूव्हर यांना पाठवली. हूव्हर पती-पत्नीच्या मेथडिस्ट मंडळीत ती वाचली गेली, तिथे तशीच प्रार्थना सुरू झाली, आणि १९०९-१० मध्ये चिलीची पेंटेकोस्टल मंडळी जन्मली. आज त्या देशात या मंडळीचे लाखो लोक आहेत. त्यांच्या मुळाशी दौंडजवळच्या एका सदनात रात्री मोठमोठ्याने प्रार्थना करणाऱ्या मराठी-गुजराती पोरी आहेत. त्या पोरींची नावं कोणाला ठाऊक नाहीत. त्या विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, दुष्काळात वाचलेल्या होत्या.

मिशनांनी आपसांतली भांडणंही इथे आणली. १८७०च्या दशकात इंग्रजांचं अँग्लिकन एस. पी. जी. मिशन नगर जिल्ह्यात आलं आणि एकेका वाड्यात दोन देवळं झाली: एक अमेरिकन, एक एस. पी. जी. चुलता इकडे, पुतण्या तिकडे. अँग्लिकन नियमाप्रमाणे बिशपच्या हातून दृढीकरण न झालेल्याला त्यांच्या वेदीपाशी प्रभुभोजन नाही. म्हणजे जातीची रेष पुसून जे आले त्यांच्यामध्ये बॉस्टन आणि लंडनने नवी रेष ओढली. माझ्या आईचं माहेर एस. पी. जी.; लग्नानंतर ती आमच्या मंडळीची झाली, आणि माहेरी गेली की आपल्याच आईच्या शेजारी बसून तिला प्याला घेता यायचा नाही. भजनं मात्र दोन्हीकडे तीच. टिळकांच्या अभंगाला दोन्ही देवळांत सारखीच टाळी पडायची. १९२४ साली काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या एक झाल्या आणि मग दीर्घ बोलणी होऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी, रविवारी, नागपूरला सहा मंडळ्यांचं मिळून ‘उत्तर भारतीय मंडळी’, म्हणजे सी. एन. आय., झालं. अँग्लिकन आणि आमची मंडळी त्यात होत्या. अमेरिकन वळणाची मेथडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली. मिळकतींवरून पुढे जे खटले चालले त्यांची यादी मी देणार नाही. माझ्या आईने नागपूरच्या बातमीनंतरच्या नाताळात माहेरच्या देवळात आपल्या आईच्या शेजारी बसून प्रभुभोजन घेतलं, एवढं मला पुरतं.

एक आणखी भिंत कागदाची आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर एक आणि मंडळीच्या वहीत दुसरं असं झालं. १९५६ नंतर आमचे पुष्कळ सोयरे बौद्ध झाले. एकाच वाड्यात एका दारावर क्रूस, शेजारच्या दारावर बाबासाहेबांची तसबीर. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमची मुलं असतात आणि नाताळच्या प्रीतिभोजनाला त्यांची. या येण्याजाण्याला कोणत्याही धर्मसभेने परवानगी दिलेली नाही आणि कोणी मागितलीही नाही.

आमच्या गावातली तरुण घरं आता चाकण, भोसरी, वाघोलीला आहेत. ती हंगामाच्या सणाला येतात. बाजरीच्या पिशव्या, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी वेदीपाशी आणून ठेवतात आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो; एकच भोपळा तीनतीनदा विकला जातो, कारण घेणारा तो परत मंडळीला देतो. त्या रविवारी प्रभुभोजनही असतं. शुक्रवारची तयारीची सभा मात्र मध्यंतरी बंद पडली, कारण शुक्रवारी गावात म्हातारे सोडून कोणी नसतं आणि म्हाताऱ्यांची भांडणं बहुतेक शहरातल्या मुलांशीच असतात. गेल्या हंगामापासून पाळकसाहेबांनी ती रविवारी सकाळी, पहिल्या घंटेआधी, देवळाच्या ओट्यावर घ्यायला सुरुवात केली आहे. वेळ थोडा मिळतो. परवाच्या सभेला त्या बांधवाल्या घरांतले दोन नातू आले होते, एक पिंपरीहून आणि एक गावातला. सातबाऱ्यावरच्या नावावरून त्यांचं अजून ठरायचं आहे. मोजणीची फी निम्मी-निम्मी भरायची, एवढ्यावर दोघांनी होकार दिला आणि घंटा झाली. मनुकांचा रस आता मी करते.